भिंतींना काय वाटेल

स्टुडिओत तिला सगळे किंकाळीबाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त सही करण्यापुरतं उरलं होतं. परक्या भाषेतले जुने काळे-पांढरे रहस्यपट आपल्या भाषेत बोलते करायचे, हा त्या स्टुडिओचा धंदा. पडद्यावरची बाई जिना उतरते, दार ढकलते, आत बघते आणि तोंड वासते. त्या वासलेल्या तोंडातून जो आवाज निघायचा, तो हिचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा यावा असा. किंकाळीचं काम असेल त्या दिवशी मालक तिला सकाळपासून गप्प बसायला सांगायचा, गळा जपायला म्हणून. आणि ती गप्प बसायची नाही, कारण गप्प बसणं तिच्या पिंडातच नव्हतं.

तिच्या शेजारी, त्याच माइकसमोर, तिचा नवरा उभा असायचा. त्याला गोडगळ्या म्हणत. दिसायला बेताचा, खांदे पडलेले, पण तोंड उघडलं की लोणी. पडद्यावरच्या यच्चयावत नवऱ्यांना त्याचाच आवाज. बायकोला स्वतःच्या हाताने औषध पाजणारा नवरा, तिला गच्चीच्या कठड्याशी नेऊन चांदणं दाखवणारा नवरा, तिच्या खोलीची किल्ली आपल्या खिशात ठेवून ‘तुझ्याच काळजीपोटी गं’ म्हणणारा नवरा. प्रेक्षक बायका त्या आवाजावर इतक्या लुब्ध, की सिनेमा पुन्हा बघायला यायच्या. खुनी असला तरी चालेल, पण असा बोलणारा मिळायला हवा, असं म्हणायच्या. आता काय डोंबल बोलायचं यावर!

किंकाळीबाईला या सिनेमांतला संसार तोंडपाठ होता, आणि त्यावर तिची मतंही होती. चहाच्या सुट्टीत ती सगळ्यांना ऐकवायची. म्हणायची, यांच्यात प्रेम कधी सुरू होतं ठाऊक आहे का, बाई घाबरली की. कोणी परका माणूस तिच्या मागे मागे गल्लीबोळांतून फिरला, तर तो प्रियकर; आणि घरात बसून पेपर वाचणारा, तो संशयित. लग्नाआधी सगळं चांदणं आणि लग्नानंतर सगळा जिन्यावरचा अंधार. भांडी कोण घासतं, कोणाला पत्ता नाही. शेवटी रेनकोटवाला कोणीतरी येतो, एकटाच तिच्यावर विश्वास ठेवतो, नवऱ्याला पकडतो आणि तिचं चुंबन घेतो. म्हणजे एका घराची कडी काढायची आणि दुसऱ्या घराची लावून घ्यायची! आणि तिचा सगळ्यांत आवडता मुद्दा हा, की त्या बायकांना माहेर नसतं. एकीलाही नाही. भाऊ नाही, मावशी नाही, ‘चार दिवस ये गं’ म्हणणारं कोणी नाही. माहेर असतं तर सिनेमा अर्ध्या तासात आटपला असता, असं ती म्हणायची आणि सगळे हसायचे. गोडगळ्याही हसायचा, सगळ्यांत गोड.

तिला मात्र माहेर होतं. तीन रस्त्यांपलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे दादा होता आणि वहिनी होती. तरी तिचा सिनेमा अर्ध्या तासात आटपला नाही.

कारण नवरा तिला मारत नव्हता. हात उगारणं सोडा, तो आवाजही चढवत नसे. केसाने गळा कापणारी जात ती. दाराची किल्ली खुंटीवरून नाहीशी व्हायची. ती घरभर शोधायची, रडकुंडीला यायची, आणि मग किल्ली तिच्याच पिशवीत सापडायची. तो नुसता बघायचा. त्याने सकाळी म्हटलेलं संध्याकाळी तो कधी म्हणालेलाच नसायचा. तिने चिडून विचारलं, आवाज वाढवला, की तो जवळ यायचा, तिच्या कपाळावरचे केस मागे सारायचा आणि त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणायचा, “हळू बोल गं. भिंतींना वाटेल आपलं पटत नाही.” ती रडायला लागली की पुढचं वाक्य ठरलेलं. “तू थकली आहेस गं. जरा पड. डोकं शांत झालं की तुझं तुलाच हसू येईल.” ती पडायची. छताकडे बघत राहायची. हसू काही यायचं नाही.

एका दुपारी हे सगळं स्टुडिओतच घडलं. दोन प्रसंगांमधली सुट्टी होती. किल्ली पुन्हा हरवली होती, ती पिशवी उलटी करून बघत होती, आणि किल्ली त्याच पिशवीतून टणकन खाली पडली. अर्ध्या तासापूर्वी तिने ती पिशवी झाडून बघितली होती. तो वाकला, किल्ली उचलून तिच्या हातात दिली आणि तिच्या कानाशी तेच म्हणाला, भिंतींचं. आणि ती किंचाळली. सिनेमातल्या बाईसाठी नव्हे, स्वतःसाठी. बेंबीच्या देठापासून, सगळा दम संपेपर्यंत.

यंत्रांच्या खोलीच्या काचेमागून टाळ्या आल्या. मालक आनंदाने उभा राहिला होता. हीच हवी होती मला, इतके दिवस कुठे लपवली होतीस, असं तो म्हणाला. आणि यंत्रापाशी बसणारी, तेव्हा नवी असलेली रेकॉर्डिस्ट अभिमानाने सांगत होती की तिने वेळेत बटण दाबलं म्हणून आवाज वाया गेला नाही. ती किंकाळी त्या सिनेमात घातली, आणि पुढेही जिथे लागेल तिथे वापरली.

ती सगळ्यांसमोर सांगू लागली, हा माणूस माझ्याशी काय करतो ते. शब्द एकात एक अडकत होते. गोडगळ्या करून सवरून नामानिराळा, मान खाली घालून उभा. मग त्याने मालकाला बाजूला घेतलं. तिची तब्येत बरी नाही, संशय फार घेते, किल्ली स्वतःच ठेवते आणि विसरते, थोडे दिवस तिला काम देऊ नका, माझ्यासाठी एवढं करा. मालकाला ते पटलं. रेकॉर्डिस्टने मान डोलावली आणि म्हणाली की हो, बाईंचं हल्ली लक्ष नसतंच. दादाकडे गेली तर दादाने सायकलीचं चाक फिरवत ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढा गोड माणूस असं कसं बोलेल? वहिनी म्हणाली, तुम्ही दोघं दिवसभर ते खुनांचे सिनेमे करता, डोक्यात जाणारच. बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला अख्ख्या गावात एक माणूस निघाला नाही. पुढे काडीमोड घेऊन तो मोकळा झाला आणि त्याने त्या रेकॉर्डिस्टशी लग्न केलं. काचेमागून त्याचा आवाज ऐकून ऐकून भुलली असेल बिचारी, असं लोक म्हणाले. किंकाळीबाईने तिला बिचारी म्हटलं नाही. तिने तिला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती दादाकडे राहिली. खालच्या दुकानात सायकलींच्या नळ्या, वर ही. आवाजाचं काम बंद झालं, तेव्हा तिने लिहिण्याचं काम धरलं. परक्या माणसाच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे, ते काम. ओठ मिटले तर मिटणारं अक्षर हवं, ओठ उघडे तर उघडं. त्याचं वाक्य संपण्याआधी आपलं संपता कामा नये. पहिल्यांदा दुसऱ्या स्टुडिओंना लिहून दिलं, मग कामात एवढी पक्की झाली की मालक स्वतः जिना चढून दादाच्या घरी आला. झालं गेलं विसरू या, म्हणाला. तिने चहा दिला. विसरली मात्र काही नाही. दात-ओठ खात बसणं तिला जमत नसे, पण डाव धरणं जमायचं.

आणि तो डाव चालून आला. एका वाहिनीला जुने रहस्यपट नव्याने, नव्या आवाजात हवे होते. त्यातला सगळ्यांत गाजलेला सिनेमा असा: एक नवरा आपल्या बायकोला हळूहळू पटवून देतो की तिचं डोकं ठिकाणावर नाही. वाहिनीची एकच अट होती, नवऱ्याला गोडगळ्याचाच आवाज हवा, लोकांना तोच ठाऊक आहे. मालकाने चाचरत विचारलं, तू लिहिशील का, तुला चालेल का. ती म्हणाली, न चालायला काय झालं? मालकाला वाटलं, केवढं मोठं मन या बाईचं. मोठं मन कसलं, मेल्या! तिने त्या रात्रीच्या जेवणात आमटीला मीठ दोनदा घातलं, इतका तिला आनंद झाला होता.

मूळ सिनेमातला तो नवरा बोलतो ते फिकट होतं. प्रिये, तू दमलीस. प्रिये, डॉक्टरांना बोलावू का. किंकाळीबाईने ते काढून टाकलं आणि त्या तोंडात आपल्या नवऱ्याचे शब्द घातले. एकेक, जसेच्या तसे. तिला एक अक्षरही आठवावं लागलं नाही. छोट्या पडद्यावर ती तो प्रसंग मागे-पुढे करत राहायची आणि त्या नटाच्या ओठांकडे बघायची. ‘भिंतींना’ म्हणताना ओठ मिटतात; त्याचेही नेमके तिथेच मिटत होते. ते वाक्य बसलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून खोलीभर फिरली. वहिनीने विचारलं, काय झालं गं हसायला? ती म्हणाली, काम जमलं.

तिला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. तो माइकसमोर उभा राहील. पान वाचेल. आपलेच शब्द बघून पांढरा पडेल, अडखळेल. काचेमागे मालक असेल, ती रेकॉर्डिस्ट असेल. मग ही उठून शांतपणे सांगेल की हे मी रचलेलं नाही, हे यांचं आहे, आणि तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. बस्स. एकदा कोणीतरी मान्य करावं की ती वेडी नव्हती. त्यानंतर तो जगो की मरो.

तो दिवस उजाडला. स्टुडिओ होता तसाच होता. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या, दारावर लाल दिवा, माइकसमोर पान ठेवायची घोडी, शेजारी कोमट पाण्याचा पेला. गोडगळ्या आला. केस गेले होते, गळ्याभोवती मफलर होता, पण आवाजाला वय लागलं नव्हतं. तो तिला म्हणाला, कशी आहेस गं? आणि इतकं गोड म्हणाला की क्षणभर तिलाच वाटून गेलं, आपणच तर काही चूक केली नव्हती ना. मग तिला स्वतःचाच संताप आला आणि ती खुर्चीत ताठ बसली. लिहिणाऱ्याने माइकजवळ बसायचं, शब्द अडला तर तिथल्या तिथे बदलून द्यायचा, अशी पद्धतच आहे. पानंही तिच्याच मांडीवर होती, सुटी. माइकसमोर कागदाची सळसळ झालेली चालत नाही, म्हणून एक पान बोलून झालं की दुसरं ठेवायचं. आणि गोडगळ्या तर आधी वाचायचाच नाही. आधी वाचलं की आवाज शिळा होतो, ही त्याची जुनी बढाई. दुसरी प्रत काचेमागे मालकाच्या हातात होती, आणि मालकाच्या शेजारी कानांवर हेडफोन चढवून ती बसली होती, ती रेकॉर्डिस्ट, आताची त्याची बायको. तिने किंकाळीबाईकडे बघितलं नाही. हिने तिच्याकडे नीट बघून घेतलं. वाळली होती.

पहिलं पान. पडद्यावर नवरा बायकोच्या जवळ आला, आणि गोडगळ्या बोलला, “हळू बोल गं. भिंतींना वाटेल आपलं पटत नाही.”

एका दमात. ओठाला ओठ. कुठे थरथर नाही, कुठे खाच नाही. मालकाने काचेमागून अंगठा दाखवला. आणि गोडगळ्या तिच्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, “काय लिहितेस गं! अगदी घरातलं वाटतं. सुचतं कुठून तुला?”

तिने त्याचा चेहरा निरखला. तो नाटक करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. जे शब्द आठवून आठवून तिने अर्धं आयुष्य काढलं, ते त्याने थुंकून टाकल्यासारखे टाकले होते आणि पुढे गेला होता. आता उठून काय सांगणार? पुन्हा शब्द अडकणार, पुन्हा तो मान खाली घालून उभा राहणार. पुन्हा सगळे म्हणणार, बाईंना अजून बरं नाही वाटतं. तिने पानं गोळा केली. तिला घरी जायचं होतं.

तेवढ्यात काचेमागचा आवाज आला, स्पीकरमधून, कोरडा.

“पुन्हा.”

गोडगळ्याने विचारलं, माइकला काही झालं का. तो पुन्हा बोलला, पहिल्याइतकंच सुरेख. पुन्हा तोच आवाज, पुन्हा घ्या. मालक काहीतरी बोलताना दिसला, बहुतेक चांगला होता की, असं. रेकॉर्डिस्टने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. किंकाळीबाईने तो चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं. तो चेहरा तिने आरशात बघितलेला होता.

म्हणजे या रेकॉर्डिस्टलाही तो हेच ऐकवत होता. त्याच भिंती, तोच आवाज. किंकाळीबाईला आधी झाला तो आनंद. खोटं कशाला सांगा, चांगला नीच आणि घसघशीत आनंद झाला. बरं झालं, भोग आता! माझ्या वेळी मान डोलावलीस ना? आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली का? मुळीच वाटली नाही. पण तिने गोळा केलेली पानं पुन्हा मांडीवर ठेवली.

पुन्हा. पुन्हा. गोडगळ्या बोलत राहिला. भिंतींना वाटेल. भिंतींना वाटेल. लोणी पातळ व्हायला लागलं. तो पाणी प्यायला, मफलर सोडून अजून एकदा बोलला. काचेमागून पुन्हा तेच. आता त्याच्या मानेवर लाली चढली. तो माइकपासून हलला नाही, ओरडलाही नाही. ओरडणं त्याच्या जातीत नव्हतं. काचेकडे बघून, हसत, बायकोच्या हट्टाला कंटाळलेला भला माणूस बोलतो तसा तो बोलला.

“तू थकली आहेस गं. जरा पड. डोकं शांत झालं की तुझं तुलाच हसू येईल.”

काचेमागे मालकाने नकळत हातातलं पान उलटलं होतं. तो पुढच्या पानाकडे बघत होता. त्याने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. बोट लावून एकेक शब्द वाचला.

किंकाळीबाई उठली. तिने हातातल्या गठ्ठ्यातलं दुसरं पान घेतलं आणि सळसळ न करता गोडगळ्याच्या समोर ठेवलं. त्याने बघितलं. आत्ता त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य तिथे होतं, त्यातल्या ‘गं’सकट. तो ते वाचत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आठवण येताना दिसली. एकदम नाही, हळूहळू, एका घरातली, मग दुसऱ्या घरातली. त्याने ते पान घोडीवर उलटं घातलं.

“हा ठेवते,” स्पीकर म्हणाला. यंत्र चालूच होतं. “एकाच टेकमध्ये झाला. घरी होतो तसा.”

स्टुडिओचं जाड दार उघडून मालक आत आला. त्याच्या हातात प्रत तशीच उघडी होती. तो गोडगळ्याच्या बाजूने गेला, त्याच्याकडे बघितलं नाही, आणि किंकाळीबाईसमोर येऊन उभा राहिला. आता मालकही म्हातारा झाला होता.

“तेव्हाही?” त्याने विचारलं.

“तेव्हाही,” ती म्हणाली.

एवढंच. तिने वर्षानुवर्षं घोटून ठेवलेलं भाषण होतं, त्यातलं एक वाक्य तिला लागलं नाही. मालकाने मान खाली घातली. मला माफ कर, असं काहीतरी तो पुटपुटला. तिने ते घेतलं नाही आणि परतही केलं नाही. गोडगळ्याने मफलर पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला. तो म्हणाला की आज गळा ठीक नाही, उरलेलं नंतर बघू, दुसऱ्या कोणाला तरी घ्या. मालक म्हणाला, वाहिनीला तुझाच आवाज हवा आहे, आणि तू सही केलेली आहेस.

काचेमागे रेकॉर्डिस्टने डोळे पुसले, हेडफोन सारखे केले आणि सुई शून्यावर आणली. मग तिने पहिल्यांदा किंकाळीबाईकडे बघितलं. क्षमा मागितली नाही, हिनेही दिली नाही. तिने फक्त बटण दाबून विचारलं, “बाई, अजून किती पानं आहेत?”

“अख्खा सिनेमा आहे,” किंकाळीबाई म्हणाली. तिने हातातल्या गठ्ठ्यातलं तिसरं पान काढून घोडीवर ठेवलं, खुर्ची माइकच्या आणखी जवळ ओढली, नीट टेकून बसली आणि गोडगळ्याला म्हणाली, “घाई नाही, सावकाश वाच.”